अर्धी शेड पिवळा

शनिवार, ३१ जानेवारी

कंपनी दरवर्षी डायरी देते आणि दरवर्षी ती मी कोणाला तरी देऊन टाकते. यंदाची ठेवून घेतली, कारण पुढल्या वर्षी मिळणार नाही. आज माझी नोकरी संपली.

एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात एकतीस वर्षं मी शेड जुळवली. गिऱ्हाईक दाराचा तुकडा, साडीचा काठ, कधी नुसतं वाळकं पान आणून टेबलावर ठेवायचं आणि म्हणायचं, अस्साच रंग पाहिजे. मग मी थेंब थेंब मिसळून तो काढायचा. गेली दोन वर्षं हे काम एक यंत्र करतं आणि मी त्याच्या शेजारी बसून कागदावर सही करते. निरोपाच्या भाषणात साहेब म्हणाले, "जयाताईंचा डोळा म्हणजे आमच्या कंपनीचा खजिना होता." होता म्हणाले. यंत्र तिथेच कोपऱ्यात उभं होतं. त्याला निदान ऐकू येत नाही.

घरी येऊन चप्पल काढते तोवर विनीतचा फोन. मुलगा पुण्याला असतो, हिंजवडीत. त्याने सगळं ठरवून टाकलंय. पंधरा मार्चला टेम्पो येणार, इथला फ्लॅट भाड्याने जाणार आणि आम्ही दोघं कायमचे त्याच्याकडे. "आता तिथे डोंबिवलीत राहून तू करणार काय, आई?" मी नेहमीसारखं 'बरं' म्हटलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की त्याने मला विचारलं नव्हतं, कळवलं होतं. ह्यांनाही विचारलं नसणार. हे पेपरातलं शब्दकोडं सोडवत बसले होते.

लॅबच्या खिडकीतून एक डोंगर दिसायचा. शीळफाट्याच्या पलीकडच्या रांगेतला, डाव्या हाताचा, पाठीला पोक आलेला. कुबड्या म्हणतात त्याला. रंग बघून डोळे शिणले की मी त्याच्याकडे बघायचे. चहा पितापिता हजारदा म्हणाले असेन, एकदा तिथे जाऊन उभं राहायचं. आज जेवताना ह्यांना सांगितलं, "पुण्याला जायच्या आधी मी कुबड्यावर चढणार."

"त्याला वाट नाही," हे म्हणाले.

"माहितीय."

"आणि गुडघे?"

"दोन आहेत."

मग ताटं उचलताना मनाशी एक पैज लावली. ती इथे लिहून ठेवते, म्हणजे नंतर शब्द फिरवायला नको. चढले तर मी अजून कामाची आहे, आणि राहायचं कुठे ते मी ठरवीन. नाही चढले तर मुकाट्याने पुण्याला जायचं आणि सुनेच्या गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायचं.

रविवार, ८ फेब्रुवारी

पहिली चढाई आणि पहिलीच माघार.

शीळफाट्यापर्यंत बस, तिथून शेअर रिक्षाने वडाचा पाडा. पाडा डोंगराच्या अगदी पायाशी. रिक्षा जिथे वळते तिथे गोविंदाची चहाची टपरी आहे. चाळिशीचा माणूस, अंगाने भरलेला, समोरची नवी तीन मजली इमारत त्याच्याच घरच्या जमिनीवर उभी, तरी टपरी सोडत नाही. मी डोंगराचं विचारलं तर मला खालपासून वरपर्यंत बघून घेतलं आणि म्हणाला, "काकी, वरती वाट नाय. पहिली होती. आमची आजी गुरा न्यायची. आता गुरा गेली, घरात गॅस आला, वर जाऊन करायचा काय? कारवीनी खाल्ली वाट."

खाल्ली म्हणजे शब्दशः खाल्ली आहे. समोरची सोंड, पायथ्याला उतरलेली धार, सोपी वाटली म्हणून तिने चढायला लागले. पाव तासात कारवी सुरू. माझ्याहून उंच, वाळलेल्या काठ्यांचं रान. हाताने बाजूला करावी तर मागून येऊन कानफटात मारते. दीड तास झुंजले. घामाघूम होऊन मागे वळून पाहिलं तर गोविंदाच्या टपरीवरची पाटी अजून वाचता येत होती. त्या क्षणी मला स्वतःची इतकी लाज वाटली की हसू आलं.

टपरीवर चहा घेतला. गोविंदाने न विचारता अर्ध्या साखरेचा दिला. चांगल्या चहावाल्याला माणसाच्या तोंडावरून कळतं म्हणतात.

घरी हे माझ्या थोडे आधीच आलेले दिसले, पायांत मोजे तसेच. "सापडली?" एवढंच विचारलं. नाही म्हटल्यावर "हं" म्हणाले आणि उठून स्वतः आमटी गरम केली. नाक लाल झालं होतं त्यांचं. गच्चीत ऊन खात बसले असतील दिवसभर.

मंगळवार, १० फेब्रुवारी

कपडे धुताना ह्यांच्या पँटला कुसळं. मूठभर निघाली. रविवारी वाचनालयात गेलो होतो म्हणतात. वाचनालयात कुठली कुसळं? मैदानाकडेच्या गवतात बसून जुन्या मित्रांबरोबर सिगरेट ओढली असणार. वय वर्षं त्रेसष्ट, आणि अजून बायकोपासून लपवतात.

मांड्या अशा भरून आल्यात की संडासात बसताना देव आठवतो.

रविवार, १५ फेब्रुवारी

आज महाशिवरात्र. साबुदाण्याची खिचडी डब्यात घेऊन गेले आणि आज डोक्याने काम केलं.

सोंडेचा नाद सोडला. सोंडेच्या बाजूने एक कोरडा ओहळ उतरतो, त्याच्यातल्या धोंड्यांवरून वर जायचं ठरवलं. धोंड्यांवर कारवी उगवत नाही. पण ओहळाला फाटे फुटतात, उतरताना चुकायला होतं. म्हणून खुणा करायच्या. कंपनीतून आणलेले नमुन्याचे डबे पलंगाखाली पडून होते. काल संध्याकाळी बसून त्यातून एक रंग काढला. फेब्रुवारीच्या रानात सगळं तपकिरी, राखाडी, मळकट पिवळं. त्यात सगळ्यात उठून दिसणारा रंग कोणता? केशरी. किंचित लाल उतरवलेला, उन्हात पेटून उठेल असा. एकतीस वर्षांच्या अनुभवाने सांगते, याहून चांगली निवड कोणी करू शकलं नसतं.

चौदा धोंड्यांना वळणावळणावर अंगठ्याएवढे गोल टिळे लावत गेले. ज्या बाजूने वळायचं त्या बाजूच्या धोंड्यावर टिळा. एके ठिकाणी दोन ओहळ मिळतात, तिथे उजवीकडचा धरायचा. त्याच्या वर एक लहानशी सपाटी आहे आणि तिच्यावर काटेसावरीचं एकच मोठं झाड, पान एक नाही, नुसती लाल फुलं. अर्धा डोंगर झाला. तिथे बसून खिचडी खाल्ली. वारा होता. कोणीही मला 'सही करा' म्हणत नव्हतं. फार फार बरं वाटलं, ते लिहून ठेवते.

उतरायला टिळे बघत बघत पाऊण तास. टपरीवरच्या बाकावर कोणीतरी पेपर टाकून गेलं होतं. शब्दकोडं निळ्या शाईने अर्धं सोडवलेलं, अक्षर सुरेख. सात आडवं अडलं होतं, ते मी भरून टाकलं. गोविंदा गालात हसला. का ते त्यालाच ठाऊक.

रविवार, २२ फेब्रुवारी

आज जे झालं ते कसं लिहावं कळत नाही. पण पैज लिहिली तसं हेही लिहायलाच हवं.

ओहळात शिरले आणि पहिल्या टिळ्यापाशी थबकले. धोंड्यापुढे नारळाची शेंडी, दोन उदबत्त्यांच्या काड्या, हळदकुंकू. वाटलं, कोणी काही उतारा टाकला असेल. दुसऱ्यापाशी झेंडूची फुलं. तिसऱ्यापाशी चक्क तांदळाची मूठ. मी केलेल्या खुणा पाड्यातल्या बायकांनी पुजल्या होत्या. धोंड्याला केशरी लावलं की आपल्याकडे त्याचं काय होतं, हे मला, साठीला आलेल्या बाईला, रंगातल्या माणसाला, सुचू नये? साहेबांसमोर कोणी अशी शेड निवडली असती तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

पुढे तर कहर. मधल्या चढावर पळस फुलला होता. गेल्या रविवारी कळ्या होत्या, माझं लक्ष नव्हतं. आता सगळ्या ओहळात पळसाच्या पाकळ्यांचा सडा, आणि रंग कोणता, तर नेमका माझा. टिळा आणि पाकळी शेजारी धरून पाहिली. मलाच फरक सांगता येईना. मी रानातला सगळ्यात उठून दिसणारा रंग निवडला होता आणि रानाने तोच निवडला होता.

मग दोन ओहळ मिळतात त्या जागी आले. उजवीकडचा टिळा दिसेना. डावीकडे मात्र एका आंब्याखाली तोच धोंडा, मी ओळखला, उभा करून नीट बसवलेला. देव असा आडवा, ओहळात का पडू द्यायचा, म्हणून कोणीतरी उचलून सावलीत ठेवला होता. आणि मी मूर्ख, माझीच शंका आली मला. वाटलं, गेल्या वेळी डावीकडेच वळले असेन. वळले. अर्ध्या तासाने ओहळ संपला तो एका कातळाच्या कड्यापाशी, पावसाळ्यात जिथून धबधबा पडत असणार. वर जाता येईना, आणि खाली बघितल्यावर उतरताही येईना. ज्या धोंड्यावरून चढले तो पायाखालून निसटून गेला होता.

दोन तास त्या कड्याच्या कपारीत बसून होते. फोनला रेंज नाही. सुरुवातीला धीर धरला, नंतर रडले. पुण्यातली ती गॅलरी डोळ्यांपुढे आली आणि खरं सांगते, त्या वेळी ती मला वाईट वाटली नाही. शेवटी ओढणी कारवीच्या बुंध्याला बांधली आणि बूड टेकवून घसरत उतरले. पंजाबी ड्रेसची मागची बाजू गेली. कोपर सोललं.

खाली दुसऱ्या टिळ्यापाशी एक म्हातारी लाकडाची मोळी ठेवून टेकली होती. सत्तरीची असेल, काटक, कमरेला कोयता. गोविंदाची आई, रंगूबाई. माझा अवतार बघून तिने बाटलीतलं पाणी पुढे केलं आणि म्हणाली, "देवाला आलतीस?"

माझा भडका उडाला. सांगून टाकलं, "अहो, देव नाही तो. हे मी लावलंय. रंगाचा डबा आहे घरी."

ती अजिबात हलली नाही. "लावलास तूच. पन लावायची बुद्धी कोनी दिली?"

पिशवीत टर्पेंटाइनची बाटली होती, हाताला लागलं तर पुसायला. म्हटलं, निदान चुकीचे तरी पुसून काढते. तर हात धरला तिने. "देव पुसतंस?"

चौदा देव करून ठेवलेत मी कुबड्या डोंगरावर. एकतीस वर्षांत कंपनीत एवढं मोठं उत्पादन माझ्या हातून झालं नव्हतं.

घरी पोचले तर हे दारातच उभे, घामाने शर्ट भिजलेला, धापा टाकत. म्हणे, लिफ्ट बंद होती. मी लिफ्टनेच आले होते. मग लगेच सुरू झाली असेल. कोपराला हळद लावून दिली, पण माझ्याकडे बघितलं नाही. रागावलेत माझ्यावर. रागावणारच.

बुधवार, २५ फेब्रुवारी

विनीतला कोपराचं कळलं. कसं कळलं देव जाणे, माझ्या चौदातलाच एखादा. "आई, बास झालं. तुला काही झालं तर आम्ही काय करायचं? टेम्पोवाल्याचं बाबा बघतायत ना?" ह्यांनी मान हलवली, पण फोनवर मान हलवलेली दिसत नाही. सुनेने, संचिताने, फोन घेऊन प्रेमाने सांगितलं की त्यांच्या सोसायटीत ज्येष्ठ नागरिकांसाठी चालायचा ट्रॅक आहे, रबरी आहे, पडलं तरी लागत नाही.

चांगली मुलं आहेत. वाईट वागत असती तर भांडता तरी आलं असतं.

खरं बोलायचं तर मला भीती वाटते. डोंगराची कमी, माझी जास्त. कारण त्या कपारीत मी हरले होते. यंत्र लावलं तेव्हा साहेब म्हणाले होते, डोळ्याला कंटाळा येतो, डोळा फसतो. मी सगळ्यांसमोर हसून सोडून दिलं होतं. रविवारी माझा डोळा फसला.

सोमवार, २ मार्च, होळी

मला झोप येणार नाही, म्हणून पुरणाचा घाट घालून ठेवलाय तो तसाच सोडून आधी लिहिते.

संध्याकाळी चार-साडेचारला वाळवणाची चादर काढायला गच्चीवर गेले. आमच्या गच्चीवरून कुबड्या दिसतो. ऊन तिरपं झालं होतं. सवयीने बघत राहिले आणि बघता बघता डोळ्यात काहीतरी खुपलं. डोंगराच्या डाव्या कुशीत, सावरीपासून वर कुबडापर्यंत, एक पट्टा बाकीच्यापेक्षा वेगळा होता. फार नाही. अर्धी शेड. अर्धी शेड पिवळा.

धावत खाली जाऊन जुनी शेडकार्डं आणली. हात लांब करून, एक डोळा मिटून कार्ड डोंगरापुढे धरलं. बाकीचा डोंगर राखाडी-तपकिरी, तो पट्टा वाळक्या साळीसारखा. अर्ध्या तासात ऊन उतरलं आणि दोन्ही एकच झाले. म्हणजे ते रोज फक्त अर्धा तास दिसतं. लॅबच्या खिडकीतून ते मला एकतीस वर्षं दिसलं असणार, पण तेव्हा मी वाट शोधत नव्हते.

आता विचार करू. या दिवसांत कारवी तपकिरी असते. पिवळं काय असतं? गवत. आणि गवत कुठे असतं? जिथे माती इतकी पातळ की कारवी धरत नाही. गवतातून माणूस चालू शकतो. म्हणजे सावरीपासून वरपर्यंत एक सलग वाट आहे आणि ती कोणी केलेली नाही.

ह्यांना हाक मारून वर बोलावलं. कार्ड हातात दिलं, कुठे बघायचं ते दाखवलं. हे पाच मिनिटं डोळे बारीक करून बघत राहिले. "मला सगळा एकच रंग दिसतो, जया."

"दिसणारच."

"यंत्राला दिसला असता का?"

म्हटलं, यंत्राच्या भिंगाखाली नमुना ठेवावा लागतो. डोंगर कसा ठेवणार?

हे मोठ्याने हसले. किती दिवसांनी. मग विचारलं, "सावरीच्या कुठल्या बाजूने सुरू होतो पट्टा? कारण उजवीकडे तर नुसती कारवी आहे." बरोबर होतं ते. मी फोनवर फोटो काढले होते, त्यात पाहिलं असेल.

खाली सोसायटीची होळी पेटली. मी प्रदक्षिणा घातली, नारळ टाकला आणि ह्यांना म्हटलं, शनिवारी.

शनिवार, ७ मार्च

चढले.

आधी तेवढंच लिहिते, कारण बसमध्ये सगळा वेळ हाच एक शब्द डोक्यात होता.

आता पहिल्यापासून. सातला वडाच्या पाड्यात. रंगूबाई टपरीपाशी कोयता घेऊन तयारच उभी. मी तिला काही कळवलं नव्हतं. म्हणाली, "गोविंदा बोलला, तू आज जातंस." गोविंदाला मी तरी कुठे सांगितलं होतं? असो, पाड्यात बातम्या पसरतात. मी म्हटलं, कशाला येता. ती म्हणाली, "लाकरा आनायला. तुझ्यासाठी नाय."

ओहळातून सपाटीपर्यंत तासाभरात. माझे देव खुशाल होते. पळसाची फुलं सुकून काळी पडली होती आणि आता टिळे लांबून चमकत होते. रंग वाईट नव्हताच मुळी, दिवस वाईट होते.

सावरीच्या डावीकडे कारवीची भिंत. पट्टा तिच्यापलीकडे असायला हवा. असायला हवा, एवढंच. मी कार्डावर बघून ठरवलेली गोष्ट, आणि एक म्हातारी माझ्या शब्दावर कोयता चालवायला लागली. दहा पावलं, वीस पावलं. आत उजेडही कमी. तिसाव्या पावलाला रंगूबाई थांबली. "बाय, हिथं काय नाय." मी म्हटलं, अजून पाच. तिने माझ्याकडे बघितलं, हातावर थुंकली आणि कोयता उचलला.

चौथ्या घावाला उजेड आला. पाचव्याला आम्ही गवतात उभ्या होतो.

गुडघाभर गवत, वाळक्या साळीच्या रंगाचं, सरळ वर गेलेलं. रुंदी म्हणाल तर आमच्या गल्लीएवढी. दोन्ही बाजूंना कारवी आणि मध्ये हा पट्टा, गच्चीवरून दिसला अगदी तसा. मी खाली बसून ते गवत हातात घेतलं, पर्समधून कार्ड काढून त्याच्यावर ठेवलं. जुळलं. इतका आनंद मला लग्नात झाला नव्हता, आणि हे मी ह्यांनाही सांगायला तयार आहे.

रंगूबाईला म्हटलं, आता तुम्ही जा, लाकडं राहिली. तिने वर पाहिलं. "मी हितवरपन कवा आलो नवतो. सासू गुरा घेऊन यायची. मना घरी ठेवायची." मग मोळीची दोरी कमरेला गुंडाळली आणि माझ्यापुढे चालायला लागली.

गवत निसरडं असतं. दोन पावलं वर, एक खाली. वर कुबडाच्या खांद्यापाशी एक कातळाची पायरी लागली, माझ्या छातीएवढी. तिथे मी पाचदा प्रयत्न केला. गुडघा नाहीच म्हणाला. शेवटी रंगूबाईने खाली वाकून पाठ केली आणि म्हणाली, ठेव पाय. सत्तरीच्या बाईच्या पाठीवर? तिने दटावलं, "मोली उचलतो रोज. तू काय मोलीपेक्षा जर हायस?" जर म्हणजे जड. मी बूट काढून पाय ठेवला आणि वर गेले. मग पालथं पडून, दोन्ही हातांनी तिला ओढून घेतलं. दोघी तिथेच पडून हसत सुटलो.

त्याच्यापुढे पन्नास पावलं आणि मग वर जायला काही उरलं नाही.

कुबडावर काहीही नाही. देऊळ नाही, झेंडा नाही, कोणाचं नाव कोरलेलं नाही. थोडं गवत, एक काळा सपाट धोंडा आणि वारा. मी त्या धोंड्यावर उभी राहिले. मी, जया, शेड मॅचर. खाली शीळफाट्याचे ट्रक, पलीकडे डोंबिवलीच्या इमारती. कारखान्यांच्या धुराड्यांवरून अंदाज बांधत बांधत आमच्या लॅबची खिडकी कुठली असेल ते शोधलं. सापडली नाही. इतकी लहान जागा होती ती.

रंगूबाई दुसरीकडे बघत होती, पश्चिमेला. धुक्यात खाडीची चकाकती रेघ होती आणि तिच्या कडेला चौकोन चौकोन. "तो आगर," ती म्हणाली. "मिठाचा. माझा बापूस मीठ ओरायचा तिथं." मग म्हणाली, "पन्नास वर्सां झाली लगीन होऊन. म्हायेर घराच्या मागल्या डोंगरावरून दिसतंय, ते मना आज कलला." तिने पदराने डोळे पुसले, लपवले नाहीत. मी तिचा हात धरला. मलाही रडू आलं आणि ते कपारीतल्या रडण्यासारखं मुळीच नव्हतं.

वर रेंज होती. ह्यांना फोन लावला. पहिल्या घंटीलाच उचलला. "पोचले," म्हटलं.

"माहितीय," हे म्हणाले.

"कसं माहितीय?"

"आवाजावरून." त्यांचाच आवाज धड नव्हता, सर्दी झाली असावी. "आणि उतरताना ती पायरी बसून उतर. घाई नको."

शहाणपण शिकवायची सवय काही जात नाही. पण पायरी मी खरंच बसून उतरले.

रविवार, ८ मार्च

सकाळपासून मोबाईलवर महिलादिनाची गुलाबाची फुलं येताहेत. दुपारी विनीत स्वतः आला, गाडीत सपाट घडी केलेली वीस खोकी आणि चिकटपट्टी घेऊन. आल्या आल्या खोकी उभी करायला लागला. मी आधी जेवायला वाढलं. भरल्या पोटी माणूस नीट ऐकतो.

जेवण झाल्यावर त्याला गच्चीवर नेलं. हेही मागोमाग आले. साडेचार वाजले होते. म्हटलं, "तो कुबड आलेला डोंगर दिसतो?"

"कुठला?" चोवीस वर्षं या घरात राहिलेला मुलगा. त्याच्या हनुवटीला धरून तोंड तिकडे फिरवलं, लहानपणी भांग पाडताना फिरवायचे तसं.

"तो. काल मी त्याच्यावर उभी होते."

तो हसणार होता. मग त्याने माझ्या सोललेल्या कोपराकडे पाहिलं, कारवीने ओरबाडलेल्या हातांकडे पाहिलं आणि पुन्हा डोंगराकडे. "आई," हळूच म्हणाला, "हे केवढं उंच आहे."

"आहे."

"कोणी नेलं तुला?"

"मी नेलं. पाड्यातल्या बारा जणी पुढच्या शनिवारी येणार आहेत. त्यांनाही नेणार आहे. रंगूबाईने सगळ्यांना सांगून ठेवलंय."

"पण पुढच्या रविवारी टेम्पो..." तो ह्यांच्याकडे वळला. "बाबा, तुम्ही सांगा ना हिला. टेम्पो ठरवलाय ना तुम्ही?"

ह्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला. "नाही," म्हणाले. "वेळच मिळाला नाही मला. रोज काही ना काही काम."

महिनाभर हा माणूस कोडी सोडवण्यापलीकडे काय करत होता ते मला तरी ठाऊक नाही. पण त्या वेळी मला ते फार आवडले.

विनीत आमच्या दोघांकडे बघत उभा राहिला. लहान असताना त्याला शाळेत पहिल्यांदा सोडून निघाले तेव्हा तो असाच उभा होता. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. रागाने नाही बोलले, अगदी सरळ बोलले, कारण पैज जिंकलेल्या माणसाला आवाज चढवावा लागत नाही.

"येऊ रे आम्ही पुण्याला," मी म्हटलं. "मे महिन्यात. आठ दिवस."